पहिल्या ओळीतला माळी

इंद्रजित शेडगे एमआयएस एक्झिक्युटिव्ह होता. म्हणजे नेमका काय होता, हे कोपरखैरण्यातल्या त्याच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई शेजारणीला सांगायची, "कंप्युटरवर चौकटी भरतो." हे तंतोतंत खरं असल्यामुळे त्याला त्याचा जास्त राग यायचा.

महाप्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बसून, कुठला ट्रक कुठे किती उशिरा पोचला याचे तक्ते तो करायचा. तक्ते वरच्या साहेबांना जायचे. साहेब ते उघडतात की नाही अशी शंका आल्यावर त्यानं एकदा 'नागपूर'च्या जागी 'चंद्र' लिहून पाठवलं. कंपनीचा ट्रक चंद्रावर चार तास उशिरा पोचला. साहेबांचं उत्तर आलं, "नोटेड. प्लीज इम्प्रूव्ह."

तेव्हा इंद्रजितनं बनवलेली आणि माणसांनी खरोखर उघडून वाचलेली अशी शीट आजवर एकच होती. ती 'गडझुंज' नावाच्या मोबाईल गेमची होती, आणि ती वाचणारे बहुतेक सगळे साठीच्या पुढचे होते.

त्याचं झालं असं. इंद्रजितचे आप्पा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी टोळीचे मुकादम. उभी हयात गोण्या वाहण्यात आणि वाहून घेण्यात गेलेली. मग कंबर गेली. डॉक्टरनं आडवं झोपवलं. आता, आडवा झालेला मुकादम घरात ठेवणं ही काय चीज आहे ते ज्याच्या घरात ठेवलाय त्यालाच कळतं. उचलायला गोणी नाही, हाक मारायला माणूस नाही, म्हणून आप्पांनी आईच्या स्वयंपाकावर देखरेख सुरू केली.

"कांदा उलटा धरलायस."

"जन्मभर कांदा उचललात म्हनून चिरायचं शिकवू नगा," आई म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं इंद्रजितला बाजूला घेतलं. "ह्यांच्या हातात कायतरी दे बाबा. न्हायतर मी पाटणची गाडी धरते."

इंद्रजितनं आप्पांच्या मोबाईलवर गडझुंज टाकून दिली. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी आप्पांना त्यात 'संघ बनवा' असं बटण सापडलं.

आठवड्याभरात अख्खी जुनी टोळी गेममध्ये. उलव्याला पोराच्या नव्या फ्लॅटमध्ये चौदाव्या मजल्यावर लटकलेले ज्ञानूतात्या आले. गावी परत गेलेले कृष्णातनाना आले. त्यांना रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं, ते चढायचे. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला सुनेनं देवळाखेरीज कुठं जायची बंदी केलेली, असे सगळे आले. संघाचं नाव 'टोळी'. गेममध्ये रोज एकदा हजर राहिलं की बक्षीस मिळायचं. आप्पांनी त्याची हजेरी करून टाकली. रोज सकाळी सहाला गेमच्या बोलायच्या खोलीत ते जुन्या टोळीच्या क्रमानं नावं पुकारायचे, सगळ्यात जुना माणूस पहिला, आणि एकेक "हाय!" यायचा. इंद्रजितलाही त्यांनी संघात ओढलेलं, त्याचं नाव सगळ्यांच्या शेवटी. तोवर त्याचा डोळा पुन्हा लागलेला असायचा आणि आप्पा भिंतीपलीकडून ओरडायचे, "गैरहजर!"

"व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे ना तुमचा," वैष्णवी, त्याची बहीण, एकदा म्हणाली होती. "तिथं बोला की."

"तितं नुसती फुलं आन् मयताच्या बातम्या," आप्पा म्हणाले. "कामच नसंल तर मुकादमानं करायचं काय?"

वैष्णवीनं त्यांचा मोबाईल चार्जिंगला लावून दिला.

गेममध्ये काम मात्र भरपूर होतं. टोळीकडे आठ सामाईक योद्धे होते. रोज सगळ्यांनी मिळवलेले दगड, कातडी आणि शिंगाची भुकटी टोळीच्या कोठारात जायची, आणि कोठाराची किल्ली संघप्रमुखाकडे, म्हणजे आप्पांकडे. तो माल योद्ध्याला चारला की योद्ध्याची पातळी वाढायची. लढाईत टोळीतला सर्वांत वरच्या पातळीचा योद्धा आपोआप उतरायचा. त्यात निवड नव्हती. गेमचं मराठी एका यंत्रानं केलेलं होतं आणि त्या यंत्राला बहुधा भूक लागलेली असायची. योद्धा तयार झाला की पाटी यायची : 'आपला योद्धा शिजला आहे.' नियमांच्या पानावर एक नियम होता : 'दोघे न मेल्यास दोघे जगतील. मर्यादा एक प्रहर.' कृष्णातनाना तो दर रविवारी मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि टाकीवरून एकटेच हसायचे.

एवढं सगळं असून टोळी हरायची. दर रविवारी दुपारी, मटण चुलीवर असताना, न चुकता हरायची. त्याचं कारण इंद्रजितला पहिल्याच दिवशी दिसलं, टोळीला कधीच दिसलं नाही. आप्पा आठही योद्ध्यांना माल सारखा वाटत होते.

"आप्पा, एकाला द्यायचा असतो. एकच मोठा करायचा."

"आन् बाकीच्यांनी काय पाप केलंय? टोळीत वाटनी सारखी असती."

"हे माथाडी बोर्ड नाहीये हो! हे कार्टून आहेत!"

"कार्टून झालं म्हनून उपाशी ठेवायचं व्हय?"

त्यामुळे टोळीचे आठही योद्धे सारखेच मरतुकडे होते, आणि समोरचे लोक त्यांना दोन मिनिटांत लोळवायचे. शेवटी कंपनीची नोटीस आली. महिनाअखेरच्या रविवारी हरलात तर 'आपला संघ विरघळवण्यात येईल'. विरघळलेल्या संघाची माणसं कुठल्याही अनोळखी संघांत फेकली जायची, आणि बोलायची खोली बंद. हे कसं असतं ते फक्त कृष्णातनानांना माहीत होतं. चुकीचं बटण दाबून ते दोन दिवस ब्राझीलच्या संघात जाऊन आले होते.

"लै वाईट," नाना म्हणाले. "सकाळी हाय म्हनून आरडलो. कुनी व्हय म्हनंना. मानसं चांगली असतील. पर हजेरीच न्हाय."

आप्पा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. कंबर दुखते म्हणाले. कंबर तर रोजच दुखत होती.

मग इंद्रजितनं शीट बनवली.

आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तो ती करत होता. आठ ओळी, आठ योद्धे. प्रत्येक पातळीला दगड किती, कातडी किती, भुकटी किती, एकूण खर्च, मग खर्चाला योद्ध्याच्या मारण्याच्या ताकदीनं भागायचं, आणि ज्याचा भाग सर्वांत कमी त्याची ओळ वर, हिरवी. पहिली ओळ आली विद्युल्लतेची, हातात विजेची तलवार असलेली एक तरणीबांड बाई. शेवटची ओळ वृद्ध माळ्याची. माळ्याला पांढरी दाढी होती, हातात झारी होती आणि त्याची मारण्याची ताकद शून्य होती. तो नुसती झाडं लावायचा. शत्रूचा घाव झाडावर, झाड मेलं की दुसरं झाड. शून्यानं भागता येत नाही, म्हणून त्याच्या चौकटीत सारखी एरर यायची. इंद्रजितला ती एरर डोळ्यांत खुपायची. त्यानं सूत्रात तजवीज केली, की अशा वेळी तिथं करड्या अक्षरांत 'निरुपयोगी' असं यावं.

अशी सुंदर शीट त्यानं ऑफिसात जन्मात केली नव्हती. त्यानं ती टोळीत सगळ्यांना पाठवली आणि, हाच तो क्षण, सगळ्यांना त्यात लिहायची परवानगी दिली. कारण रोज कुणी काय माल आणला ते ज्याचं त्यानं भरायचं होतं.

टोळीची बैठक झाली. ज्ञानूतात्या चौदाव्या मजल्यावरून म्हणाले, "एकल्या बाईला समदं द्यायचं, आन् हे म्हातारं झारी घिऊन बगत बसनार? बरं दिसतं का?"

"तात्या, बरं दिसायला नाही खेळत आपण. टोळी वाचवायला खेळतोय."

"ते नाव तरी काय तिचं. इदुलता का काय."

"नाव सोडा!" इंद्रजितचा आवाज चढला. "नाव बघूच नका. पहिली ओळ, हिरवी ओळ. बास. डोकं चालवू नका, शीट बघा. म्हणा."

"डोकं चालवू नका, शीट बगा," टोळी एका सुरात म्हणाली. एवढी शिस्त साहेबांच्या मीटिंगमध्ये कधी नव्हती. इंद्रजितचा ऊर भरून आला. माणसाचा ऊर कुठल्या वाक्याला भरून येतो आणि तेच वाक्य पुढे त्याच्या कुठे घुसतं, याचा काही नेम नाही.

पुढचे तीन आठवडे कोठार साठवलं. आप्पांनी एक दगड कुणाला दिला नाही, काळजावर दगड ठेवून. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत अर्ध्या मालात पातळी वाढवायची सवलत होती. तेव्हाच सगळं एकदम चारायचं आणि रविवारी लढायचं असं ठरलं. आणि शनिवारी इंद्रजितच्या ऑफिसात मंथ-एंडचं काम निघालं. फ्लोअरवर मोबाईलला बंदी, मोबाईल लॉकरमध्ये. चहाच्या सुट्टीत तो लॉकरकडे पळाला, खालच्या टपरीपाशी उभा राहिला आणि घरी फोन लावला.

"आप्पा, कोठार उघडा."

"उगाडलं."

"शीट?"

"हाय म्होरं. वैष्णवीचा मोबाईल घेतलाय."

"पहिली ओळ. हिरवी. दिसते?"

"दिसती की. हिरवीगार."

"त्या ओळीत जो आहे त्याला सगळं द्या. सगळं म्हणजे सगळं."

 आप्पांचा आवाज जरा जड झाला. "सगळं? इचार करून बोलतोयस न्हवं?"

"आप्पा, डोकं चालवू नका."

"शीट बगा," आप्पांनी वाक्य पुरं केलं. मग एक टिचकीचा आवाज, आणि शिजल्याची घंटी. एकदा, दोनदा, मग सलग देवळात आरती चालल्यासारखी.

"शिजला?" इंद्रजितनं विचारलं.

"पार शिजला," आप्पा म्हणाले. "सोनं झालं बग त्याचं."

'त्याचं' म्हणाले. इंद्रजितला ते ऐकू आलं, पण टपरीवाला सुट्टे मागत होता.

घरी आला तेव्हा आप्पा भिंतीला टेकून बसले होते. कंबरेला पट्टा, तोंडावर सणासुदीचं तेज. त्यांनी न बोलता मोबाईल पुढे केला. पडद्यावर वृद्ध माळी उभा होता. दाढी सोन्याची. झारी सोन्याची. पायांत सोन्याच्या खडावा. मागे प्रभावळ. पातळी : सर्वोच्च. मारण्याची ताकद : शून्य.

इंद्रजितनं शीट उघडली. पहिली ओळ, हिरवी. पहिल्या ओळीत नाव : वृद्ध माळी. खर्च विद्युल्लतेचा, भागाकार विद्युल्लतेचा, हिरवा रंग विद्युल्लतेचा. विद्युल्लता स्वतः शेवटच्या ओळीत होती आणि तिच्यापुढे करड्या अक्षरांत लिहिलं होतं, निरुपयोगी.

"नावं कुणी हलवली?"

"मी," आप्पा म्हणाले. लपवाछपवी नाही, काही नाही. "गुरवारीच. नीट लावून टाकली."

"नीट?"

"आरं, हजेरीत जुना मानूस वर असतो. ही कालची पोर वर, आन् हे पांढऱ्या दाढीचं मानूस पार तळाला? तात्या म्हनला तेव्हाच मला खटाकलं होतं. मग लावली वयापरमानं. एकेक नाव टाईप केलं. अर्दा दिस गेला."

"मग बाकीचे आकडे का नाही हलवले त्याच्याबरोबर?"

आप्पा दुखावल्यासारखे बघायला लागले. "ते तुजं होतं. दुसऱ्यानं मांडल्याल्याला मी हात लावत न्हाय."

इंद्रजितनं तोंड उघडलं. नाव बघूच नका असं त्यानंच सांगितलं होतं. डोकं चालवू नका हेही त्यानंच. आप्पा शंभर टक्के आज्ञाधारक होते. त्यांच्यावर ओरडायला त्याला धड एक जागा सापडेना, आणि ओरडायला जागा नसलेला संताप फार वाईट. तो आधी मानेत जातो. त्यानं मान वळवून भिंतीकडे बघितलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. उद्या रविवार होता.

"दादा, माळ्यानं झारी फेकून मारली तर?" वैष्णवी म्हणाली.

"तू गप."

"नाही, सोन्याची आहे. लागेल."

त्यानं कंपनीच्या मदतकेंद्राला लिहिलं : चुकून चुकीचा योद्धा वाढवला, कृपया माल परत करा, संघ विरघळण्याच्या बेतात आहे. दोन मिनिटांत उत्तर आलं. 'आपल्या आनंदात आम्ही आनंदी.' त्यानं परत लिहिलं, जरा कडक शब्दांत. उत्तर आलं, 'आपला राग शिजला आहे.' तिसऱ्यांदा त्यानं लिहिलं नाही.

आप्पांना मात्र आता अंदाज आला होता. ते हळूच म्हणाले, "म्हंजी... ह्यो मारत न्हाय?"

"नाही."

"अजाबात?"

"शून्य आप्पा. शून्य."

आप्पांनी सोन्याच्या माळ्याकडे बघितलं. मग मोबाईल उशाशी पालथा ठेवला आणि आडवे झाले. त्या संध्याकाळीही ते जेवले नाहीत, आणि ह्या खेपेला कंबरेचं नावसुद्धा काढलं नाही. इंद्रजित दारात उभा राहून हे बघत होता आणि त्याची चीड आणखी वाढत होती, कारण आता त्याला चिडताही येत नव्हतं.

सकाळी सहाला हजेरी झाली. आप्पांनी नेहमीच्या क्रमानं नावं पुकारली, फक्त आवाज खाली होता. प्रत्येक "हाय" नंतर ते जरा थांबत होते. इंद्रजित जागा होता. त्याचं नाव आलं तेव्हा तो "हाय" म्हणाला.

साडेअकराला लढाई. आईनं मटण चढवलं आणि सांगितलं, "दोन मिन्टात हरून या, न्हायतर रस्सा आटंल." समोरचा संघ 'ब्लड ड्रॅगन'. त्यांचा योद्धा चार हातांचा, सहा तलवारींचा. उरलेल्या दोन तलवारी तो कशात धरत होता ते नीट दिसत नव्हतं. ह्या बाजूनं सोन्याच्या खडावा खडखडत माळीबुवा मैदानात उतरले.

"कसा दिसतोय गं बाई," आई कढईसकट मागे येऊन उभी राहिली होती. "आमच्या गावच्या भटजीवानी."

चार हातवाल्यानं पहिला घाव घातला. माळ्यानं वाकून झाड लावलं. घाव झाडावर. झाड पडलं. माळ्यानं दुसरं लावलं. दुसऱ्यावर घाव. तिसरं लावलं.

हे असं चालू राहिलं. दोन मिनिटं झाली. कुणी मेलं नाही. पाच झाली. इंद्रजित मोबाईल नाकाशी धरून बघत होता. सर्वोच्च पातळीला माळ्याची झाडं संपतच नव्हती. फक्त झारीतलं पाणी संपत होतं, आणि झारी भरायला टोळीतल्या कुणीतरी पडद्यावरच्या विहिरीवर बोट आपटत राहावं लागत होतं. बोट थांबलं की पाणी थांबलं.

"नाना," इंद्रजित एकदम म्हणाला, "तो नियम काय हो? वाचा."

टाकीवरून वारा ऐकू आला, मग नाना. "दोघे न मेल्यास दोघे जगतील. मर्यादा एक प्रहर." ह्या वेळी ते हसले नाहीत.

"बरोबरी झाली तर टोळी राहते!" इंद्रजित ओरडला. "आप्पा, बरोबरी करायची! पण तीन तास! तीन तास ह्या विहिरीवर बोट मारायचं!"

आप्पा उठून बसले. कंबरेचा पट्टा त्यांनी एक भोक घट्ट केला. आणि मग इंद्रजितनं तो आवाज ऐकला जो लहानपणी डबा पोचवायला गेल्यावर मार्केटात ऐकायचा. ट्रक आत घ्यायच्या वेळी, गाळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

"टोळी! पाळ्या लावतोय! आंगठा दुकला की बोलायचं, मरायचं न्हाय! ज्ञानू, धर!"

"धरला!"

"ज्ञानू दमला की कृष्णात! मग मधुकर! समदी आपल्या नंबरात!"

समदी आपल्या नंबरात. म्हणजे इंद्रजित शेवटी. ह्याचा अर्थ प्रत्येक फेरीत सगळे दमून झाल्यावर, झारीच्या तळाला चार थेंब असताना, विहीर त्याच्याकडे यायची. तो बोट आपटायचा, झारी कशीबशी भरायचा, आणि भरली की आप्पा ती पुन्हा तात्यांकडे द्यायचे.

पहिल्या तासात रस्सा आटला. आई म्हणाली, "आनखी पानी घालू का?" आणि आप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "घाला, घाला, पानी थांबू दिऊ नगा," आणि तिनं घातलं. दुसऱ्या तासात उलव्यात तात्यांच्या मोबाईलची बॅटरी गेली. त्यांनी सुनेचा ओढून घेतला. तिची ओरड टोळीनं ऐकली. वैष्णवी खुर्चीवर उभी राहून मैदानातली झाडं मोजू पाहत होती, पण आता माळ्याच्या बाजूला एवढं रान माजलं होतं की चार हातवाला अधूनमधून दिसेनासा व्हायचा. इंद्रजितचा अंगठा सुजला. हा त्याचा आठवड्यातला एकमेव सुट्टीचा दिवस होता, आणि तो दिवस एका म्हाताऱ्या कार्टूनसाठी विहिरीतून पाणी काढण्यात घालवत होता. त्याच्या शीटप्रमाणे हे घडूच शकत नव्हतं, हे त्याला कुणालातरी सांगायचं होतं आणि कुणालाच वेळ नव्हता.

ब्लड ड्रॅगनवाले सुरुवातीला हसण्याची चित्रं पाठवत होते. मग त्यांचे निरोप यायला लागले, यंत्रानं मराठी करून दिलेले. 'तुम्ही काय करता?' मग, 'तुमचे झाड बंद करा.' मग, 'माझी बायको विचारते.' शेवटच्या अर्ध्या तासात नुसतं, 'हे झाड. हे झाड. हे झाड.'

अडीचला प्रहर संपला. पडद्यावर पाटी आली : 'कोणीही मेले नाही. अभिनंदन. आपला संघ विरघळणार नाही.'

बोलायच्या खोलीत जो गलका झाला त्यात कोण काय बोललं ते कळलं नाही. नाना टाकीवर नाचत होते म्हणे. गावातल्या कुणीतरी खालून त्यांना उतरायला सांगत होतं. आप्पांनी मोबाईल खाली ठेवला, अंगठा तोंडात घालून चोखला आणि मटणाचं ताट ओढलं. रस्सा पाण्यासारखा होता. त्यांनी दोन वेळा मागून घेतला.

इंद्रजित वाट बघत होता. त्याला फार नको होतं. 'चुकलं माझं' नको होतं. 'तुझ्या शीटप्रमाणे केलं असतं तरी जिंकलो असतो' एवढं चाललं असतं. आप्पांनी हाड चोखून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "म्हनून हजेरीत जुना मानूस वर ठेवायचा असतो."

"आप्पा, तो योगायोग होता!"

"आसंल," आप्पा म्हणाले. "भाकरी दे."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो टपरीशेजारच्या कट्ट्यावर लॅपटॉपवर शीट उघडून बसला. आधी त्यानं सगळ्या ओळी सरळ केल्या. ज्याचं नाव त्याच्यासमोर त्याचे आकडे. आप्पांनी लावलेला वयाचा क्रम तसाच ठेवला. तो मोडला असता तर पुन्हा अर्धा दिवस बसून त्यांनी तो लावला असता, हे त्याला कळून चुकलं होतं. मग नावांचा रकाना कुलूपबंद केला. उरली एकच चौकट. माळ्याची. तिथं पुन्हा करडं 'निरुपयोगी' आलं होतं, आणि कालच्यानंतर ते तिथं ठेवणं म्हणजे धडधडीत खोटं.

त्यानं सूत्र बदलून पाहिलं. मारण्याच्या ताकदीऐवजी झाडांनी भागलं. झाडं अमर्याद, भागाकार शून्य. झारीनं भागलं, विद्युल्लतेला झारी नव्हती, सगळीकडे एरर. सुजलेल्या अंगठ्याच्या जागी दुसऱ्या बोटानं त्यानं अख्खी सुट्टी घालवली. तेवढ्यात आप्पांचा फोन.

"माळ्याच्या फुडच्या पातळीला काय लागतं रं?"

"पुढची पातळी नाहीये आप्पा. तो सर्वोच्च झाला. त्याच्या वर काही नाही."

पलीकडून सुरीचा आवाज येत होता. मागे आई कांदा चिरत होती. आप्पा तिला काही बोलत नव्हते.

"म्हंजी त्याचं झालं समदं?"

"वाढायचं झालं. पण लढाईत तोच उतरणार. दर रविवारी. सगळ्यांत वर तोच आहे ना."

"व्हय?" आप्पांचा आवाज पुन्हा वर आला. "मग ठीक हाय. मग बाकीच्यांना वाटू का सारखं?"

इंद्रजितनं डोळे मिटले. दर रविवारी. तीन तास. अंगठा. "वाटा," तो म्हणाला.

फोन ठेवून त्यानं सूत्र पुसून टाकलं आणि ज्याला एमआयएसमध्ये पाप समजतात ते केलं : चौकटीत हातानं लिहिलं, 'आप्पांना विचारा'. लॅपटॉप मिटवला. वर जाऊन लॉकरमध्ये मोबाईल टाकणार, तोच उलव्याहून ज्ञानूतात्यांचा फोन.

"आरं इंद्या, आज माल कुनाला जानार म्हनून शीट बगितली. पयल्या वळीत लिवलंय आप्पांना इचारा."

"मग विचारा की."

"इचारलं. आप्पा म्हनतो, डोकं चालवू नकोस, शीट बग."

शीटमध्ये अशी दोन चौकटींनी एकमेकींकडे बोट दाखवायची गाठ पडली, तर यंत्र लगेच लाल होऊन ओरडतं. माणसांना तशी सोय नाही. इंद्रजितनं लॉकरच्या पत्र्यावर कपाळ टेकलं. पत्रा गार होता.

"तात्या," तो म्हणाला, "झारी भरून ठेवा."